लिंबू फुलपाखरू : संत्र्याच्या बागेतून येणारे नेहमीचे प्रश्न

आमचं गाव वरुड तालुक्यात, म्हणजे ज्या पट्ट्याला लोक कौतुकानं विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात तिथं. घरी संत्र्याची बाग आहे आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. त्यामुळे या एका जिवाबद्दल मला दोन्हीकडून विचारणा होते. पोरं येतात तेव्हा त्यांच्या हातात फुलपाखरू असतं, त्यांचे बाप येतात तेव्हा हातात अळी असते. पोराला ते पाळायचं असतं, बापाला औषध हवं असतं. दोघं एकाच प्राण्याबद्दल बोलताहेत हे कित्येकदा दोघांनाही ठाऊक नसतं. तीच ती उत्तरं बांधावर उभं राहून देण्यापेक्षा एकदा लिहून काढली.

बागेत जमिनीलगत भिरभिरणारं काळं-पिवळं मोठं फुलपाखरू कोणतं?

लिंबू फुलपाखरू. शास्त्रीय नाव पॅपिलिओ डेमोलियस. कार्ल लिनियसनं १७५८ साली दिलेलं हे नाव, त्यातलं ‘पॅपिलिओ’ म्हणजे लॅटिनमध्ये नुसतं ‘फुलपाखरू’. पंख पसरल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ८ ते १० सेंटिमीटर भरतं, म्हणजे नांगर धरणाऱ्या माणसाच्या तळहाताच्या रुंदीएवढं.

वरून पाहिलं तर काळ्या पाटीवर कुणी फिक्या पिवळ्या रंगाचे शिंतोडे उडवल्यासारखं दिसतं. ठिपके एका मापाचे नाहीत, कुठं मोठा डाग, कुठं चंद्रकोर. पंख जिथं अंगाला जोडलेले असतात तिथं पिवळी भुकटी भुरभुरल्यासारखी असते. दुरून एवढंच कळतं, म्हणून लोक ‘काळं-पिवळं’ म्हणून मोकळे होतात. पण ते फुलावर बसलं की मागच्या पंखांच्या आतल्या कोपऱ्यात बघा. तिथं विटेच्या रंगाचा एक लांबट ठिपका असतो आणि त्याच्या डोक्यावर काळ्यात निळ्याची झाक. हा तांबडा ठिपका दिसला की ओळख पटली. आता पंख मिटू द्या. खालच्या बाजूला पिवळा जास्त आणि काळा कमी, मागच्या पंखावर निळ्या-नारिंगी खुणांची ओळ. माझ्या मते हे फुलपाखरू पंख मिटल्यावरच जास्त देखणं दिसतं, पण फोटो सगळे वरूनच काढतात.

हे स्वॅलोटेल कुळातलं म्हणता, मग शेपूट कुठाय?

नाहीच. स्वॅलो म्हणजे आपली भिंगरी, विजेच्या तारेवर ओळीनं बसते आणि जिच्या शेपटीला दोन टोकं असतात ती. या कुळातल्या बऱ्याच फुलपाखरांच्या मागच्या पंखांना तशी टोकं निघालेली असतात म्हणून कुळाला ते नाव पडलं. लिंबू फुलपाखरू त्या घरात बिनशेपटीचं जन्मलं. त्याचंच भावंड कॉमन मॉर्मन, तेही आपल्याच बागेत असतं, त्याला मात्र छान चमच्यासारखी शेपटी आहे.

मग नातं ठरतं कशावरून? पंखातल्या शिरांवरून, आणि अळीवरून तर फार सोप्या रीतीनं. या कुळातली कुठलीही अळी डिवचली की डोक्यामागून दोन टोकांचं शिंग बाहेर काढते. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे, कारण सगळ्यात जास्त प्रश्न त्या शिंगाबद्दलच येतात.

नर कोणता, मादी कोणती?

रंगावरून सांगायला जाऊ नका, दोघं जवळपास सारखेच. वागण्यावरून ओळखता येतं. मधासाठी आलेलं असेल तर फुलाफुलावर जाईल. पण कोवळ्या पानांभोवतीच घुटमळत असेल, पानावर क्षणभर टेकून पुढच्या पायांनी टपटप मारत असेल, तर ती मादी. फुलपाखराला चव पायांनी कळते. पान लिंबाच्या जातीचं आहे का, हे ती पायानं चाखून बघते आणि पटलं तरच पोटाचं टोक वाकवून एक अंडं चिकटवते. मग पुढचं पान. आमच्या आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “माय कोनाचीबी असो, लेकराच्या खान्याचं पयले पायते.”

विदर्भात ते कुठं कुठं दिसतं?

कुठं दिसत नाही असं विचारलंत तर लवकर सांगता येईल. घनदाट, सावलीच्या जंगलात ते फारसं रमत नाही. त्याला ऊन हवं, मोकळी जागा हवी आणि लिंबाच्या कुळातलं झाड हवं. वरुड, मोर्शी, चांदूरबाजार, अचलपूर, काटोल, नरखेड हा संत्र्याचा सगळा पट्टा म्हणजे त्याच्यासाठी मांडून ठेवलेली पंगतच. बाळापूर तालुक्यात वाडेगावकडे कागदी लिंबाच्या बागा आहेत, तिथंही तेच. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत संत्रा नाही, पण घराघरामागं गोडलिंबाचं झाड आहे आणि देवळापाशी बेल आहे. तेवढ्यावर त्याचं भागतं.

संत्रा, मोसंबी, कागदी लिंबू, ईडलिंबू, गोडलिंब म्हणजे कढीपत्ता, बेल, कवठ, सताप, या सगळ्यांवर त्याची अळी पोसते. ही वरवर वेगवेगळी दिसणारी झाडं एकाच कुळातली. प्रत्येकाचं पान चुरगाळून वास घेऊन बघा, तेलकट, झणझणीत वास येईलच. शिवाय बावची, काळ्या मातीत धुऱ्यावर म्हणजे बांधावर वाढणारं जांभळ्या तुऱ्यांचं तण, त्यावरही त्याची अळी नोंदलेली आहे. बावची तर शेंगांच्या कुळातली, लिंबाशी तिचं काही नातं नाही. तिचा धागा कुठं जुळतो ते परदेशाच्या प्रश्नात येईल.

मोठं झालेलं फुलपाखरू पानं खात नाही, मध पितं. झेंडू, एकदांडी, रायमुनिया, जे फुललेलं असेल ते. मध पितानाही पंख फडफडतच असतात, बसलं असं वाटतच नाही. नदीकाठच्या ओल्या रेतीवर मात्र निवांत बसतं. वर्धेच्या पात्रात किंवा मेळघाटात सिपनेच्या काठी पाणी आटत आलं की ओलसर जागी फुलपाखरांचा थवा बसलेला दिसतो. त्यात बहुतेक नर असतात आणि ते मातीतले क्षार शोषून घेत असतात.

संत्र्याच्या कोवळ्या पानावर पाखराची शिट पडल्यासारखं दिसतं, ते काय?

मागं चौथीच्या एका मुलानं शाळेमागच्या लिंबाकडं मला ओढत नेऊन दाखवलं होतं, “मास्तर, हे शीट हालून राह्यली!”

तीच ती. अंड्यातून निघालेली अळी पहिल्या चार अवस्थांत हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. काळपट तपकिरी अंग, मध्ये पांढरा पट्टा, वरून ओलसर चकाकी. पानाच्या वरच्या बाजूला, अगदी उघड्यावर, बेधडक बसते. लपायची गरजच काय, चिमणी किंवा बुलबुल स्वतःची शिट थोडीच खाणार आहे?

पण ही युक्ती अंगानं लहान असेपर्यंतच चालते. बोटाएवढी शिट कुठल्या चिमणीची असते? म्हणून चौथ्यांदा कात टाकली की सोंग बदलतं. पाचव्या अवस्थेतली अळी हिरवीगार निघते, पानाच्याच रंगाची. पाठीवर तिरपे तपकिरी पट्टे आणि डोक्यामागं फुगीर भागावर डोळ्यांसारख्या खुणा. खरे डोळे खाली बारीक असतात, या वरच्या खुणा दिखाऊ. अनेक शेतकरी बारकी काळी अळी आणि मोठी हिरवी अळी या दोन वेगळ्या किडी समजून दोन वेगळी औषधं मागतात. दोन्ही एकच.

हे रंग बदलणं चालतं कसं, याचा छडा जपानी संशोधकांनी याच कुळातल्या दुसऱ्या एका लिंबावरच्या जातीवर प्रयोग करून २००८ साली लावला. अळीच्या रक्तात एक संप्रेरक असतं, त्याचं प्रमाण चौथ्या अवस्थेत उतरलं की पुढची कात हिरवी निघते. बाहेरून ते संप्रेरक दिलं तर अळी कात टाकूनही शिटेच्याच सोंगात राहते.

हात लावला की ती शिंगं काढते अन् घाण वास सोडते. विषारी आहे काय? डसते काय?

नाही आणि नाही. डसत नाही, चावत नाही, अंगावर खाज आणणारे केस नाहीत. मी शेकडो हातात घेतल्या आहेत.

ते शिंगही शिंग नाहीच. डोक्यामागं कातडीच्या आत दडवलेली मऊ, नारिंगी रंगाची, इंग्रजी वाय अक्षरासारखी दुभंगलेली पिशवी आहे. धोका वाटला की अळी आतल्या पाण्याच्या दाबानं ती बाहेर ढकलते, अगदी आपण हातमोज्याचं आत गेलेलं बोट फुंकून बाहेर काढतो तसं. शास्त्रात त्याला ऑस्मेटेरियम म्हणतात. मोठ्या अळीच्या शिंगावर ब्युटिरिक जातीची आम्लं असतात, शिळ्या लोण्याला येतो तो वास त्याच घराण्यातला. मुंग्या आणि बारके कोळी त्यानं मागं हटतात. लहान अळीचा वास निराळा असतो, त्यात झाडाच्या तेलासारखी द्रव्यं जास्त. अंग बदललं तसं अत्तरही बदललं म्हणायचं.

पाखरांवर त्याचा किती धाक पडतो ते मला शंकास्पदच वाटतं. आमच्या बागेतला कोतवाल पक्षी वास-बिस काही न मानता हिरव्या अळ्या उचलून नेताना मी पाहिला आहे. माणसानं मात्र हात धुवावा. वास बोटाला राहतो आणि त्याच हातानं भाकर खाल्ली तर जेवण जात नाही.

अंड्यापासून फुलपाखरू व्हायला किती दिवस लागतात?

ऊबदार दिवसांत साधारण महिना. अंडं ज्वारीच्या दाण्यापेक्षाही बारीक, गोल, फिकं पिवळं. तीन-चार दिवसांत फुटतं आणि अळी आधी आपलंच टरफल खाते. नंतर दोन ते तीन आठवडे फक्त खाणं आणि कात टाकणं. मग एक दिवस खाणं बंद होतं, अळी पातळ विष्ठा टाकून रिकामी होते आणि जागा शोधत भटकते. जागा मिळाली की शेपटीकडचं टोक रेशमात रोवते, कमरेभोवती रेशमाचा एक धागा घेते आणि मागं रेलते. ताडावर चढणारा माणूस कमरेला दोर लावून मागं रेलतो, तसंच. कोषात आठ-दहा दिवस, थंडीत जास्त.

कोषाचा रंग हा पोरांचा आवडता विषय. हिरव्या फांदीवर, पानांत बसला तर बहुधा हिरवा, वाळक्या काडीवर किंवा भिंतीवर बसला तर तपकिरी. शाळेत आम्ही एकदा दोन अळ्या खोक्यात ठेवल्या होत्या. एकीनं पानाखाली हिरवा कोष केला आणि दुसरीनं खोक्याच्या पुठ्ठ्यावर पुठ्ठ्याच्याच रंगाचा. वर्गात त्या दिवशी गणित झालं नाही.

उडायला लागल्यावरचं आयुष्य तोकडं, सरासरी आठवडाभराचंसुद्धा नाही. त्यामुळे “कालचंच फुलपाखरू आज परत आलं” असं वाटतं तेव्हा ते बहुधा दुसरंच असतं.

बागेचं किती नुकसान होतं? फवारू की नको?

या प्रश्नाला एक उत्तर नाही. झाडाचं वय किती, यावर सगळं आहे.

फळावर आलेलं झाड असेल तर फवारू नका. अशा झाडाला हजारो पानं असतात, दहा-वीस अळ्यांनी कोवळे शेंडे कुरतडले तर झाड पुढच्या नवतीत, म्हणजे नव्या पालवीत, ते भरून काढतं. संत्रेवाल्याची झोप उडते ती कोळशीनं (पानाफळांवर चढणारी काळी बुरशी), डिंक्यानं (खोडातून डिंक गळायचा रोग) आणि फळगळीनं. या अळीनं मोठी बाग बसली असं मी तरी आमच्या भागात ऐकलेलं नाही.

रोपवाटिकेत गोष्ट पार उलटी. शेंदुरजनाघाटकडं गेलात तर ओळीच्या ओळी संत्र्याच्या कलमा दिसतील. जंबेरी लिंबाच्या खुंटावर डोळा बांधलेलं वीतभर रोप, त्याला मोजून पंधरा-वीस पानं. शेवटच्या अवस्थेतली अळी तिच्या अख्ख्या आयुष्यात खाल्लेल्यातला सर्वात मोठा वाटा त्या चार-पाच दिवसांत खाते. दोन हिरव्या अळ्या एका कलमेवर बसल्या तर सकाळी नुसती काडी उभी असते, पानाची मधली शीर तेवढी शिल्लक. नवीन लावलेल्या एक-दोन वर्षांच्या बागेतही लक्ष ठेवावंच लागतं.

उपाय साधा आहे आणि कुणाला आवडत नाही. वेचणे. आमचे वडील नवती फुटली की रोज सकाळी एका डब्यात पाणी आणि त्यात थोडं रॉकेल घेऊन कलमांच्या ओळीतून फिरायचे. वरच्या पानांवर शिटेसारखं काही दिसलं की काडीनं डब्यात. मी आता रॉकेलऐवजी साबणाचं पाणी वापरतो आणि काही अळ्या वेचून बांधावरच्या ईडलिंबाच्या झाडावर सोडून येतो. वडिलांना ते मुळीच पटत नाही. “तू इकून वेच, मी तिकून मारतो,” असं त्यांचं म्हणणं. ईडलिंबावर बहुतेक पाखरंच त्या खातात, त्यामुळे दोघांचंही समाधान होत असावं.

वेचणं आवाक्याबाहेर गेलं तर ५ टक्के निंबोळी अर्क. पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवायच्या, गाळून शंभर लिटरचं द्रावण करायचं आणि संध्याकाळी फवारायचं. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस जिवाणूची पावडरही चालते, अळी लहान असताना जास्त चांगली. प्रमाण पाकिटावरचं. झाड फुलावर असताना फवारा टाळा, फुलांवर मधमाश्या येत असतात.

एका दुकानदारानं मागं मला तीन औषधं मिसळून दिली होती, ‘सगळ्यावर चालते’ म्हणून. अळी गेली, तिच्याबरोबर जाळं विणणारे कोळी, गांधीलमाश्या, ढालकिडेही गेले. तेच तर अळ्या आणि मावा फुकटात खात होते. आणि फवारा मारणाऱ्याच्या जिवाचंही बघायला हवं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शिटेएवढ्या अळीसाठी पाठीवर पंप घेण्याआधी मला ते आठवतं.

ही अळी वर्षातून कधी जास्त येते?

बागेचं पंचांग बघा. आंबिया बहारासाठी झाडाला हिवाळ्यात ताण दिला, म्हणजे पाणी तोडलं, मग पाणी सोडलं की जानेवारी-फेब्रुवारीत फूल आणि नवती. मृग बहारासाठी उन्हाळ्यात ताण आणि पावसाबरोबर जून-जुलैत पुन्हा नवती. कोवळं पान आलं की मादी आलीच, कारण बारक्या अळीला निबर, जाड पान चावत नाही. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत तिची चंगळ असते.

आमचा मे म्हणजे ४५ अंशांच्या पुढचा. बाग ताणावर, पान निबर झालेलं, फुलं नाहीत. तेव्हा उडणारी फुलपाखरं अगदी कमी दिसतात. जी दिसतात ती आडाजवळ, मोरीच्या सांडपाण्यावर वाढलेल्या गोडलिंबापाशी.

गोडलिंबाच्या कुंडीतलं अख्खं झाड दोन दिवसांत साफ झालं. काय करू?

कुंडीतलं झाड म्हणजे रोपवाटिकेचाच प्रकार, पानं मोजकी. अळ्या उचलून मोठ्या झाडावर सोडा. मोठं झाड शेजारणीच्या अंगणात असेल तर आधी विचारा. कुंडीवर कीटकनाशक मारू नका, तीच पानं उद्या फोडणीत पडणार आहेत. मूळ धड असेल तर गोडलिंब पुन्हा फुटतो, पाणी चालू ठेवा.

याला जोडूनच श्रावणात एक प्रश्न हमखास येतो, अळीनं खाल्लेलं बेलाचं पान महादेवाला चालतं का. हा प्रश्न माझ्या विषयातला नाही. आमच्याकडं सालबर्डीच्या महादेवाला जाणारे लोक अखंड तीन पानांचं दल निवडून घेतात, एवढं मी पाहिलं आहे.

परदेशातही हेच फुलपाखरू आहे का?

अरबस्तान, इराणपासून भारत, आग्नेय आशिया, न्यू गिनी ते ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलं आहे. आफ्रिकेत याचं अगदी जवळचं भावंड राहतं, पॅपिलिओ डेमोडोकस, तेही लिंबावरच.

गंमत ऑस्ट्रेलियाची आहे. तिथलं लिंबू फुलपाखरू लिंबाला तोंड लावत नाही. तिथल्या अळ्या बावचीच्या जवळच्या रानटी झुडपांवर, शेंगांच्या कुळातल्या, वाढतात. म्हणजे नावात लिंबू आणि ताटात बावची. आपल्या धुऱ्यावरच्या बावचीवर अळी दिसली तर नवल वाटायला नको ते यामुळे.

अलीकडं त्यानं समुद्रही ओलांडला. २००४ साली कॅरिबियन बेटांपैकी डोमिनिकन रिपब्लिकमध्ये ते पहिल्यांदा सापडलं, पुढं जमैका आणि प्वेर्तो रिकोतही. तिथं लिंबू-संत्र्याच्या बागा आहेत, मात्र याला ओळखणारे शत्रू फार नाहीत, त्यामुळे तिथले बागायतदार आपल्यापेक्षा जास्त धास्तावलेले असतात.

महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू हेच ना?

नाही. ते ब्लू मॉर्मन, मराठीत राणी पाकोळी. २०१५ साली त्याला तो मान मिळाला आणि राज्य फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य झालं. काळ्या पंखांवर निळाई, आणि आकारानं लिंबू फुलपाखराच्या जवळपास दीडपट. आहे याच कुळातलं, अंडीही लिंबाच्या जातीच्या झाडांवर घालतं. सह्याद्रीकडं भरपूर, आपल्याकडं अधूनमधून दर्शन देतं.

याच्यासारखी दिसणारी दुसरी कोणती?

उडताना घोटाळा होतो तो कॉमन मॉर्मनच्या नराशी. तोही काळा, पण त्याच्या मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची एकच सरळ ओळ असते आणि शेपटी असते. त्याची मादी भलतीच नाटकी. काही माद्या नरासारख्या, काही कॉमन रोझ या बेचव, विषारी फुलपाखरासारख्या, आणि काही क्रिमझन रोझसारख्या दिसतात. पाखरांनी विषारी समजून सोडून द्यावं म्हणून हे वेषांतर. लिंबू फुलपाखराला असलं काही जमत नाही, ते वेगावर जगतं.

अळ्या मात्र दोघांच्या लिंबावर शेजारी शेजारी सापडतात आणि लहानपणी दोन्ही शिटेसारख्याच. मोठ्या झाल्यावर शिंग बघा, लिंबू फुलपाखराचं नारिंगी, मॉर्मनचं गडद तांबडं.

चांगला फोटो केव्हा मिळेल?

सकाळी, ऊन कोवळं असताना. रात्रीच्या गारव्यानं अंग आखडलेलं असतं तेव्हा ते गवतावर पंख पूर्ण पसरून शेकत बसतं आणि हातभर अंतरावर जाऊ देतं. आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नका. दहा वाजून गेले की विसरा.

पंखाचा रंग डोळ्यात गेला तर माणूस आंधळा होतो काय?

आम्हालाही लहानपणी हेच सांगितलं होतं. बोटाला लागते ती भुकटी म्हणजे पंखावरचे बारीक खवले, कौलांसारखे एकावर एक बसवलेले. काळा-पिवळा सगळा रंग त्या खवल्यांचाच. डोळ्यात गेले तर धुळीसारखं चुरचुरेल, पाण्यानं धुवा. आंधळेपणाशी संबंध नाही. फुलपाखराचे खवले मात्र एकदा गेले की परत येत नाहीत, म्हणून पंखाला धरू नये.

मुलांना घरी अळी पाळायची आहे. कसं करावं?

मोठं खोकं किंवा बरणी, तोंडाला जुन्या लुगड्याचं पातळ कापड. रोज ताजी पानं, ज्या झाडावर अळी सापडली त्याचीच. औषध मारलेल्या झाडाची पानं घातलीत तर सकाळी अळी मेलेली मिळेल, आमच्या वर्गात हे एकदा झालं आणि दोन मुली रडल्या. लेंड्या रोज झटका, नाहीतर बुरशी येते. आत एक तिरपी काडी हवीच, कोषाला आधार म्हणून आणि पुढं फुलपाखराला लटकून पंख वाळवायला. काडी नसेल तर पंख चुरगळलेलेच वाळतात आणि ते उडू शकत नाही. बाहेर आल्यावर तास-दोन तास त्याला हात लावू नका.

कोष काळा पडला, पंधरा दिवस झाले, फुलपाखरू निघालंच नाही. असं काहून?

आधी नीट बघा. फुलपाखरू निघायच्या आदल्या दिवशीही कोष काळपट होतो, पण तेव्हा सालीतून पिवळे ठिपके दिसतात. तसं असेल तर सकाळी लवकर उठून बसा.

ठिपके दिसत नसतील, कोष हलका लागत असेल, तर कुठं टाचणीनं पाडल्यासारखं गोल छिद्र आहे का ते शोधा. अशा कोषात बारीक गांधीलमाशीनं अंडी घातलेली असतात. कोष ताजा, मऊ असतानाच ती येऊन बसते. तिची पिलं आतून कोष खाऊन वाढतात आणि एका कोषातून डझनांनी बाहेर पडतात, मुंगीहून लहान, हिरवट चकचकीत. मागच्या श्रावणात शाळेतल्या सहा कोषांपैकी दोन असे निघाले. पोरं हिरमुसली. त्याच आठवड्यात एकाच्या वडिलांनी बरणी मागून घेतली आणि त्या माश्या नेऊन आपल्या कलमांच्या ओळीत सोडल्या.